भट्टी रुसते तेव्हा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या मुरुमला बेकरीपुढे मैदा, तूप नि पिठीसाखरेचे डबे घेऊन माणसं उभी असतात. यंदा मीही उभा होतो. तूप घरचं, सौभाग्यवतींची ताकीद सक्त. आणि नेमकी विजेची भट्टी रुसली! आतला दिवा लख्ख, पंखा गरगर फिरतोय, पण नानकटाई पांढरीफटक.

"तुपातच खोट दिसते, सर," कारागीर म्हणाला. माझा चेहरा पडला.

उमरग्याहून वायरमन आला. त्याचा टेस्टर तिन्ही फेजवर पेटला. झालं, दोष तुपाचाच! तो हसला. "सर, टेस्टरला वीज लागते चिमूटभर, भट्टीला घमेलंभर. जळक्या सांध्यातून चिमूट जाते, घमेलं अडतं."

मेन स्विच पाडून, वीज खरोखर गेल्याची खात्री करून त्यानं झाकण काढलं. एका फेजचा स्क्रू ढिला, तार काळीठिक्कर. ढिला सांधा तापतो, तापून आणखी ढिला होतो. त्या फेजवरच्या कॉइली गार. दिवा-पंखा दुसऱ्या फेजवर, म्हणून ते बापडे मजेत! शिवाय संध्याकाळी व्होल्टेज उतरतं: 230 चं 207 झालं, की कॉइलीची उष्णता 19 टक्के घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते. (फ्यूजमध्ये जाड तार कोंबणारे महाभाग वेगळेच, त्यांची भट्टी बंद पडत नाही, पेटते.)

तार कापून नवं टोक बसवलं. पुढचा ट्रे बदामी रंगाचा निघाला. कारागिरानं तुपाचा विषय पुन्हा काढला नाही. पहिला पांढरा ट्रे मी कॉलेजात वाटला. घरी अजून बोललेलो नाही.