पेट ग्रुपवर ‘फोटो ओळखा’ खेळ कसा चालवायचा?

पेट शॉप असो की ग्रूमिंग, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर सगळेच काढतात. आधी गुड मॉर्निंग, मग तुमच्या ऑफर्स, आणि मग लोक ग्रुप म्यूट करून टाकतात. म्यूट झालेल्या ग्रुपवर कितीही ओरडा, धंदा येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा ‘फोटो ओळखा’ घ्या. व्हिडिओत घाईत सांगितलं, इथे नीट बघू.

फोटो गूगलवरून उचलू नका. एक तर तो दुसऱ्याच्या मालकीचा, शिवाय गूगल लेन्सला दाखवला की उत्तर हजर. मग खेळ कसला? मेंबर्सकडूनच फोटो मागवा, वापरायची परवानगी घेऊन. फक्त कान किंवा शेपटीचं टोक दिसेल असा क्रॉप करा आणि विचारा, ‘हा कोण?’ ज्याचा कुत्रा आहे तो स्वतःच चार जणांना सांगतो, ‘आज आमच्या ब्रूनोचा फोटो आहे हं!’ ही जाहिरात फुकट. फोटो घेताना वय आणि जातही विचारा, कशासाठी ते सांगून. कोणाकडे पिल्लू आहे हे कळलं, की त्याचं खाणं कधी बदलेल याचा अंदाज तुम्हाला येतो.

मधूनच माहितीचा प्रश्नही टाका. एखाद्या मेंबरचं पांढरं-काळं-केशरी मांजर दाखवा आणि विचारा, ‘बोका की भाटी?’ असं तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. लोक आपापली मांजरं तपासायला धावतात बघा!

उत्तरं ग्रुपवर नकोत, एकाचं बघून दुसरा लिहितो. तुमच्या बिझनेस नंबरवर मागवा आणि नंबर सेव्ह करायला सांगा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो, हे नवख्यांना माहीतच नसतं.

बक्षीस छोटं ठेवा, एकदा नखं कापून देणं पुरतं. एन्ट्री फी मात्र दहा रुपयेसुद्धा नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. पहिलं बरोबर उत्तर देणारा जिंकला, तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट नंबर झाकून ग्रुपवर टाका. नाहीतर ‘ओळखीच्यालाच दिलं’ अशी कुजबुज सुरू होते. फोटो रात्री नऊला टाका, दुपारी टाकलात तर नोकरीवाले मागे पडतात. आणि निकालाच्या मेसेजमध्ये ऑफर घुसडायची नाही, ती दुसऱ्या दिवशी.