कुटुंबाची कंपनी आणि भागांची पुनर्खरेदी

कंपनीने आपलेच भाग, म्हणजे शेअर, भागधारकाला पैसे देऊन परत घेणे याला पुनर्खरेदी म्हणतात. वरवर पाहता ही साधी विक्री होय. २० हजारांना घेतलेले भाग २५ हजारांना दिले, तर नफा ५ हजारांचा आणि कर तेवढ्यावरच. परंतु सर्वच भाग एका माणसाचे असतील तर? शंभरांपैकी वीस भाग त्याने कंपनीला परत केले, तरी उरलेल्या ऐंशी भागांनिशी तो पूर्वीइतकाच संपूर्ण मालक राहतो. कंपनीच्या तिजोरीतील पैसा मात्र त्याच्या हाती आलेला असतो. लाभांश वाटला असता तरी हेच घडले असते. आणि लाभांशाची सर्व रक्कम उत्पन्नात धरली जाते.

मालकी कुटुंबात विभागलेली असली म्हणजे हा प्रश्न अधिक बिकट होतो. अमेरिकेच्या १९५४ च्या महसूल संहितेतील कलम ३१८ ने त्यावर एक उपाय योजला. पती किंवा पत्नी, मुले, नातवंडे व आईवडील यांच्या नावावरील भाग त्या व्यक्तीचेच आहेत असे मानावे, असे हे कलम सांगते. भाऊ-बहिणींचा त्यात समावेश नाही.

या नियमाची धार १९७० साली डेव्हिस खटल्यात दिसून आली. डेव्हिस यांनी १९४५ साली एका भागीदारासह कंपनी स्थापन केली होती. सरकारी वित्तसंस्थेचे कर्ज मिळण्यासाठी कंपनीचे भांडवल वाढविणे आवश्यक होते. म्हणून त्यांनी प्रत्येकी २५ डॉलरचे १००० अग्रहक्काचे भाग विकत घेतले. कर्ज फिटताच कंपनीने ते परत घ्यावेत, असे ठरले होते. पुढे भागीदाराचे सामान्य भाग डेव्हिस यांनी विकत घेऊन मुलगा व मुलगी यांना दिले. अशा रीतीने पती, पत्नी व दोन मुले यांच्याकडे प्रत्येकी चौथा हिस्सा आला. १९६३ साली कर्ज फिटले आणि ठरल्याप्रमाणे डेव्हिस यांना २५,००० डॉलर परत मिळाले.

आपलेच पैसे परत आले, त्यात उत्पन्न कसले, असे डेव्हिस यांचे म्हणणे होते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी ते मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र बहुमताने ते फेटाळले. कुटुंबाचे सर्व भाग डेव्हिस यांचेच मानल्यावर ते एकमेव मालक ठरतात. त्यांच्या मालकीत अर्थपूर्ण घट झालेली नाही, तेव्हा मिळालेली रक्कम लाभांशासमान आहे. व्यवहारामागील हेतू व्यापारी होता की नव्हता हे पाहण्याचे कारण नाही, असा हा निर्णय होता. तीन न्यायमूर्तींनी भिन्न मत नोंदविले.

मग कुटुंबातील वडीलधाऱ्याने व्यवसायातून निवृत्त व्हावे तरी कसे? त्यासाठी कायद्याने एक वाट मोकळी ठेवली आहे. आपले सर्व भाग देऊन जो संपूर्णपणे बाहेर पडतो, त्याला नातलगांचे भाग आपल्या नावे न धरण्याची सवलत मागता येते. मात्र त्यानंतर त्याला कंपनीत संचालक, अधिकारी वा नोकर म्हणून राहता येत नाही. येणेकरी म्हणून, म्हणजे भागांच्या किमतीचे हप्ते घेणारा म्हणून, त्याचा संबंध चालतो. वारसाहक्क सोडून अन्य मार्गाने दहा वर्षांच्या आत त्याने कंपनीत पुन्हा हितसंबंध मिळवावयाचा नाही, आणि मिळविल्यास तसे कळविण्याची हमी त्याने लेखी द्यावयाची असते. मुलाच्या हाती कारभार सोपवून स्वतः सल्लागाराची खुर्ची अडवून बसणाऱ्या पित्याला ही सवलत गमवावी लागण्याचा धोका असतो.

२००३ पासून अमेरिकेत बहुतेक लाभांशांना दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचाच दर लागू झाला; त्यामुळे वादाची तीव्रता कमी झाली. तथापि फरक उरतोच. विक्रीत मूळ किंमत वजा होते, लाभांशात ती तत्काळ वजा होत नाही. ती उरलेल्या भागांच्या किमतीत मिळविली जाते आणि तिचा लाभ ते भाग विकले जातील तेव्हाच मिळतो. तात्पर्य, कागदावर विक्री लिहिली म्हणून करासाठी ती विक्री ठरत नाही. व्यवहारानंतर मालकाच्या हातून खरोखर काय गेले, हाच कायद्याचा प्रश्न असतो. आणि त्या हिशेबात घरच्या माणसांचे हात वेगळे मोजले जात नाहीत.