फरशीवरचे ओले पाय

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. घाटंजीतलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. ओट्यावर पणत्या लागल्यात आणि गल्लीच्या तोंडाशी पोट्ट्यांनी सुतळी बॉम्बची वात पेटवली आहे. धडाम! अंगणात पसरलेलं तांबडं गावठी कुत्रं एका झेपेत घरात शिरतं आणि बाजेखाली गडप होतं. मागे फरशीवर चार-सहा ठसे उरतात, चक्क ओले. पाऊस कधीच सरलाय, अंगण खडखडीत कोरडं आहे. मग हे पाणी आलं कुठून?

तो घाम आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उकडलं की ते जीभ काढून धापा टाकतं. पण त्याच्या तळपायांच्या मऊ गाद्यांत घामाच्या ग्रंथी असतात आणि घाबरलं की त्या पाझरतात. प्रश्नपत्रिका हातात पडताना आपले तळहात ओले होतात, तसंच हे. भीती लपवता येत नाही, ती फरशीवर उमटते.

एवढी भीती कशाची? माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० पर्यंतचे. शिवाय कान वळवायला त्याच्याकडे डझनाहून जास्त स्नायू आहेत. टिपेश्वर अभयारण्याच्या या मुलखात रात्री वावरात जागलीला जाणारा शेतकरी याच कानांच्या भरवशावर डोळा लावतो. रानडुकराची चाहूल आधी कुत्र्याला लागते, मग धन्याला. दिवाळीत मात्र तेच कान त्याच्या जिवावर उठतात. बॉम्ब का फुटला आणि पुन्हा कधी फुटेल, हे त्याला कोण सांगणार?

आवाज होताच शरीरात अॅड्रेनलिन उसळतं. काळीज धडधडतं, रक्त पायांच्या स्नायूंकडे धावतं आणि पचनाचं काम तात्पुरतं थांबतं. म्हणून एरवी ताटाभोवती घोटाळणारं कुत्रं आता बिस्किटाकडे बघतही नाही. ते रुसलेलं नसतं, त्याची भूकच त्या क्षणी बंद असते. निरखणाऱ्याला यातून एक छान मोजमाप मिळतं: खायला लागलं तर भीती आटोक्यात आहे, तोंड फिरवलं तर अजून नाही. याहून बारीक खुणाही असतात. झोप नसताना जांभई, रिकाम्या तोंडाने ओठ चाटणं, एक पाय उचलून धरणं, डोळ्याच्या कडेला दिसणारी पांढरी कोर.

काही कुत्री जन्मभर भित्री राहतात, त्याचं एक मूळ पिल्लूपणात आहे. १९६१ साली अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी पिल्लं उंच कुंपणाच्या आवारात माणसांपासून दूर वाढवली. वेगवेगळ्या वयात त्यांतल्या बहुतेकांना एकेक आठवडा माणसांत आणलं. पण ज्यांना १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवासच मिळाला नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरी राहिली. त्या कोवळ्या आठवड्यांत जे भेटतं ते आपलं, बाकीचं परकं. जग ओळखीचं करून घेण्याचं हे दार लवकर लोटलं जातं.

पण कडी लागत नाही! मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा, मग दिवसागणिक थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं. कुत्र्यालाही हीच युक्ती लागू पडते. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा आणि लगेच भाकरीचा किंवा चिकनचा तुकडा द्यायचा. खाणं थांबलं तर आवाज आणखी कमी. पोळ्याला सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत हाताशी बरेच दिवस असतात. भीती फारच असेल तर पशुवैद्याला दाखवावं. माणसाची गोळी मनाने देऊ नये.

बाजेखालून ओढून काढणं मात्र साफ चूक. "त्याले बाहेर काढ, सवय होऊन जाईन," असं कुणीतरी हमखास म्हणतं. सवय होत नाही, उलट लपायची जागाही गेली हे त्याला कळतं. पळायला वाट नसलेलं कुत्रं चावतं, तेही भीतीपोटीच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती माया खरीच, पण भित्र्या कुत्र्यामागे धावू नये. वाटी खाली ठेवावी, अंग जरा तिरकं करून बसावं आणि त्याच्याकडे रोखून पाहू नये.

आपण नुसतं बसल्याने काय होतं? बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे कुत्र्यांच्या हृदयाला विचारलं. अनोळखी माणूस धमकावत पुढे आला की ठोके वाढत. पण मालक सोबत असला तर ही वाढ कमी होती. बाळासाठी आई असते, तसा कुत्र्यासाठी हा माणूस. मग "कुरवाळलं तर लाडावेल" हा धाक सोडून द्या. कुरवाळल्याने भीती वाढत नाही, फक्त कुत्रं स्वतःहून जवळ आलेलं असावं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना पुन्हा पुन्हा भेटून २०१७ मध्ये एक निष्कर्ष मांडला. अनोळखी माणसावरचा विश्वास खाऊपेक्षा थोपटण्याने जास्त पक्का होतो. ज्यांना रोज कुणीतरी हाड्हाड् करतं, त्या कुत्र्यांचा हा कौल आहे.

घाटंजीच्या त्या घरात आता रात्रीचे अकरा वाजलेत. बाजेपुढे पोतं अंथरलंय, खिडकी लावलीय, टीव्ही बारीक आवाजात चालू आहे. नातू वाकून बघायला जातो तसं आजी म्हणते, "राहू दे बाबू, येईन आपसूक." दूर कुठेतरी एक लड तडतडते, थांबते. मग बाजेखालून आधी नाक येतं, मागून कान. पोत्यावरचा भाकरीचा तुकडा ते हुंगतं, थबकतं आणि खातं. चार पावलं चालून आजीच्या पायाशी अंग टाकतं. ते आलं त्या वाटेवर फरशी कोरडी आहे.