महिला गट कधी सुरू झाला?

स्त्रियांच्या खेळाचा इतिहास आपल्याकडे बहुधा ‘पहिली’ या विशेषणावर उभा असतो. पहिली ऑलिंपिकपटू, पहिली विश्वविजेती, पहिली अमुक. यात त्या बाईची जिद्द उठून दिसते, पण तिच्याआधी दार कुणी आणि किती वर्षं लावून ठेवलं होतं हे झाकलं जातं. सनावळ्या शेजारी शेजारी मांडल्या की निराळीच गोष्ट समोर येते. बायकांची तयारी झाली म्हणून स्पर्धा निघाल्या, असं फार क्वचित घडलं. उलट महिला गट निघाला आणि बायका तिथं हजर झाल्या, असंच बहुतेकदा दिसतं. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘पहिली कोण?’ हा नसून ‘गट कधी निघाला?’ हा आहे.

अंगात ताकद नाही, दम टिकत नाही ही सबब निदान सिंधुदुर्गात तरी कुणी सांगू नये. गौरी-गणपतीत इथल्या घराघरांत फुगडी, झिम्मा, पिंगा रात्र सरेपर्यंत चालतो. बसफुगडीत गुडघ्यांवर जो भार येतो तो व्यायामशाळेतल्या बैठकांना हार जाणारा नाही. डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होते. मुलींचे गट त्याच समुद्रात उतरतात आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. जगाला मात्र हे पटायला फार काळ लागला. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ले इंग्लिश खाडी पोहून गेली. तिच्याआधी पाच पुरुषांनी खाडी पार केली होती आणि त्यांच्यातल्या सर्वांत वेगवान पुरुषापेक्षाही तिला जवळजवळ दोन तास कमी लागले. १९५९ मध्ये आरती साहा आणि १९९४ मध्ये अवघ्या बारा वर्षांची रूपाली रेपाळे याच खाडीतून पलीकडे पोहोचल्या. आता ऑलिंपिकचं वेळापत्रक पाहा. १५०० मीटर पोहण्याची शर्यत पुरुषांसाठी १९०८ पासून आहे, स्त्रियांसाठी ती आली टोकियोत, २०२१ मध्ये. एडर्लेनं खाडी जिंकल्यानंतर तब्बल पंचाण्णव वर्षांनी! या पंचाण्णव वर्षांत बाईच्या फुप्फुसात काहीच बदललं नव्हतं, बदलला तो कार्यक्रमपत्रिकेतला एक रकाना.

कबड्डी तर आपल्या मातीतला खेळ. आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये बीजिंगला आली, महिलांची २०१० मध्ये ग्वांगझूला. गट निघाला त्याच वर्षी भारतीय मुलींनी सुवर्णपदक आणलं, म्हणजे मधली वीस वर्षं संघ तयार होण्यात गेली नव्हती. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर हे दुसरं उदाहरण. स्त्रियांची ३००० मीटर स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये २००८ साली आली आणि २०१६ मध्ये रिओत ललिता अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोहोचायला भारतीय स्त्रीला बत्तीस वर्षं लागली, असं तेव्हा सगळ्यांनी लिहिलं. पण ललितानं ज्या शर्यतीत हे केलं, तिचं वय जेमतेम आठ वर्षांचं होतं हे फारसं कुणी लिहिलं नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतची हकीकत याच्या उलट. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये ती विश्वविजेती झाली, पण महिलांचा तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हताच. जगात सर्वश्रेष्ठ ठरूनही त्या प्रकारात तिला ऑलिंपिकचं दार नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा, की खरा अडसर घरात असतो, नियमांत नव्हे. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव (१९३४) ही पंडिता क्षमा राव यांची मुलगी, म्हणजे विद्येचं आणि ऐपतीचं घर. आक्षेपात तथ्य आहे. पण तशाच घरातल्या मुलीलाही गट लागतोच, आणि विम्बल्डनला महिला एकेरी १८८४ पासून होती. शिवाय घर काही दगडाचं नसतं. रेल्वेत, पोलिसांत खेळाडूंच्या जागा निघाल्या तशी कबड्डी खेळणाऱ्या मुलीकडे पाहण्याची बापाची नजर बदलली. या बदलाला प्रबोधनापेक्षा पगाराची मदत अधिक झाली असावी.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. स्वतंत्र गट म्हणजे दुय्यम गट, मग तो मागायचाच कशाला? इथं बुद्धिबळाकडे वळावं लागतं, कारण तिथं स्नायूंचा प्रश्नच येत नाही. ‘नवाकाळ’कार नीळकंठ खाडिलकरांच्या तिन्ही मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, राष्ट्रीय विजेत्या. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा मोठं काहूर उठलं. पटावर घोडा अडीच घरं चालतो, मग समोर परकरातली मुलगी असो की मिशीवाला उस्ताद. तरीही प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. जागतिक महासंघाचे अध्यक्ष, माजी विश्वविजेते मॅक्स युवे यांनीही स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा दिला. म्हणजे खुलं दारही हवंच. पण खुल्या दारामुळे महिला गट निरर्थक ठरत नाही. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला. तोवर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म तिच्या नावावर नव्हता. त्या विजेतेपदानं तिला थेट ग्रँडमास्टर केलं, आणि हा किताब पुरुषांना मिळतो तोच आहे.

राहता राहिला प्रेक्षकांचा मुद्दा. बायकांचे सामने बघतो कोण? पुरुषांची कबड्डी लीग २०१४ पासून दूरदर्शन संचांवर गाजते आहे. २०१६ मध्ये तिच्या जोडीला तीन संघांची महिला स्पर्धा झाली, अंतिम सामना २४-२३ असा शेवटच्या चढाईपर्यंत रंगला आणि त्या स्पर्धेचा पुढचा हंगाम काही आला नाही. एका हंगामात आवड जोपासली जात नाही. क्रिकेटनं वाट पाहिली, तीही पुरेपूर. पुरुषांच्या आयपीएलनंतर पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये महिलांची लीग निघाली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतानं विश्वचषक घेतला तेव्हा मैदान भरलेलं होतं. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्जही.

कोकणात वाडीवाडीवर प्रकाशझोतातल्या कबड्डी स्पर्धा होतात. महिला गट का नाही असं विचारलं की मंडळांकडून येणारं उत्तर ठरलेलं असतं: संघच येत नाहीत, दोन-तीन संघांसाठी गट कसा ठेवणार? त्यांनी १९७३ चं पुणं आठवावं. महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा तिथं एप्रिलमध्ये भरली तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ आले होते. आयोजकांनी गट रद्द केला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीला आठ संघ उतरले, त्यानंतर कलकत्त्याला चौदा.