गोळीला तारते, विमानाला पाडते ती गिरकी

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत रायफलीची गोळी तयार होते. ती नळीतून सुटते तेव्हा नुसती पुढे जात नाही, स्वतःभोवती फिरत जाते. किती वेगानं? सेकंदाला चार-पाच हजार गिरक्या! नळीच्या आतल्या मळसूत्री खाचा तिला हा पीळ देतात. जोरात फिरणारा भोवरा कलंडत नाही, तशी ही गोळीही टोक पुढे ठेवूनच जाते. गिरकी काढून घ्या, की ती हवेत कोलांट्या खाऊ लागेल.

पण हीच गिरकी विमानाला लागली तर? ते दगडासारखं खाली येतं!

गोळ्या बनवणारी वरणगावची ती फॅक्टरी 1964 सालची. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला बंगळुरूत ‘किरण’ हे भारतात घडवलेलं जेट शिकाऊ विमान पहिल्यांदा उडालं. त्याच्या रचनेमागे होते कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे. ‘किरण’वर शिकणाऱ्या वैमानिकांच्या वाट्याला एक अजब धडा येई: चांगलं उडणारं विमान मुद्दाम गिरकीत, म्हणजे ‘स्पिन’मध्ये, घालायचं आणि मग सावरायचं.

धडधाकट विमान पडतंच कसं? इंजिन चालू, पंख शाबूत, तरीही? गोम आहे ती पंख हवेला किती तिरपा सामोरा जातो यात. नाक वर उचलत नेलं की उचल वाढत जाते. पण साधारण पंधरा अंशांच्या पुढे हवेचा प्रवाह पंखाच्या पाठीला चिकटून राहत नाही, सुटतो. उचल ढासळते. हा झाला ‘स्टॉल’. प्रवाह असा का सुटतो, याचं कोडं 1904 साली लुडविग प्रांटल यांनी उलगडलं. जर्मनीत घाटगे शिकले ते याच प्रांटल यांच्या हाताखाली!

आता समजा, स्टॉल होताना डावा पंख जरा आधी खचला. खाली जाणाऱ्या पंखावर वारा खालून येतो, त्यामुळे त्याचा कोन आणखी वाढतो, उचल आणखी घटते आणि हवेचा अडथळा वाढतो. वर जाणाऱ्या उजव्या पंखाचं नेमकं उलट. म्हणजे पडणारा पंख अधिक पडतो, चढणारा अधिक चढतो, आणि विमान गरगरू लागतं. त्याला फिरवतंय कोण? कोणीच नाही! गिरकीच गिरकीला खतपाणी घालते. प्रत्येक फेरीला शेकडो फूट उंची हातची जाते.

खरी गंमत पुढेच आहे. नाक खाली, जमीन गरगरतेय. अशा वेळी हात काय करेल? विमान हाकायची दांडी मागे ओढेल. पण त्यानं कोन मोठाच राहतो, स्टॉल सुटत नाही. खचलेला पंख उचलायला दांडी बाजूला लोटली, तर तोच पंख आणखी खचू शकतो. सर्वसाधारण उपाय उलटाच आहे: इंजिन मंद करा, दांडी मध्यावर आणा, गिरकीविरुद्ध रडरचं (उभ्या शेपटीवरच्या सुकाणूचं) पेडल पूर्ण दाबा, आणि जमीन समोर दिसत असताना दांडी पुढे ढकला! गिरकी थांबली की रडर सरळ करून हलकेच नाक उचला.

जेटमध्ये अडचण वाढते. इंजिन आणि इंधनाचं वजन लांबट धडात पुढे-मागे पसरलेलं असतं. फिरताना ते बाहेर फेकलं जाऊ पाहतं, त्यामुळे नाक वर येऊन गिरकी सपाट होऊ शकते. शिवाय आडव्या शेपटीमागची घुसळलेली हवा रडरवर आली, तर ज्याच्या भरवशावर सुटायचं तेच लुळं पडतं.

‘किरण’ची जागा घेण्यासाठी केलेलं एचजेटी-36 मार्च 2003 मध्ये उडालं, आणि अडलं ते गिरकीपाशीच. वाऱ्याच्या बोगद्यात अभ्यास करून, ते बनवणाऱ्या एचएएल कंपनीनं उभी शेपटी मागे सरकवली, रडर वाढवलं, चाचणीच्या विमानांना गिरकी थांबवणारी पॅराशूटं बसवली. जानेवारी 2022 मध्ये विमानानं डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा फेऱ्यांची गिरकी यशस्वीपणे करून दाखवली.

पहिल्या उड्डाणापासून त्या सहा फेऱ्यांपर्यंत जवळपास एकोणीस वर्षं गेली. शिकाऊ विमानाला नुसतं उडता येऊन भागत नाही. नवख्या हातांनी पाडलं तरी त्याच हातांनी सावरता आलं, तरच ते शिकवायच्या लायकीचं.