कथेचा शेवट दिसावा म्हणून

रोह्याहून सकाळच्या दिवा गाडीने, बिथरलेल्या मुलाला खिडकीपाशी बसवून आणि जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरून, ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या वाटेस लागलेली आई या मुलखाला अनोळखी नाही. १९०१ साली स्थापन झालेले ते इस्पितळ येथील गरीब कुटुंबांना वर्षानुवर्षे आधार देत आले आहे. त्या आईविषयी आपल्याला कणव वाटते, आणि ती वाटावयासच हवी. परंतु तिचे गाऱ्हाणे ऐकून घेण्यासाठी टेबलापलीकडे जी व्यक्ती बसलेली असते, तिच्या मनाचे पुढे काय होते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

दिव्यातील तेल संपले की वातच जळू लागते, तशी या व्यक्तीची गत होते. न्यूयॉर्कमधील एका विनामूल्य दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हटले, आणि पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे सांगितली: भावना आटून जाणे, समोरचा माणूस माणूस न वाटता केवळ एक प्रकरण वाटू लागणे, आणि आपल्या हातून काहीच साधत नाही ही खंत मनात घर करून बसणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ही अवस्था रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाचा परिणाम म्हणून नोंदविली. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. कारण त्यामुळे ठपका माणसाच्या दुबळेपणावर न राहता कामाच्या व्यवस्थेवर येतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरांतील दहा प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. दीड लाखाहून अधिक वस्तीच्या रोहा तालुक्यास हे प्रमाण लावले, तर आकडा हजारांत जातो. उलट देशात लाख माणसांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. १९९६ पासून सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने मूठभर माणसांच्या पथकावर सबंध जिल्ह्याची कामगिरी सोपविली. “बाय, पोर रातभर निजत नाय,” अशी एकामागून एक वीस घरांची दुःखे ऐकून उठलेल्या समुपदेशक ताईंना त्याच संध्याकाळी नोंदवह्याही पुऱ्या करावयाच्या असतात. अशा व्यक्तीला दोन दिवस प्राणायाम शिकवून पुन्हा त्याच टेबलाशी बसविणे हा उपाय नव्हे. रिकाम्या जागा भरणे, दिवसाच्या रुग्णसंख्येस मर्यादा घालणे, रजा मागताना ओशाळे वाटू नये असा शिरस्ता पाडणे, आणि अनुभवी ज्येष्ठापाशी मन मोकळे करण्यास आठवड्यातील एक तास दप्तरी नेमून देणे, ही खरी निकड आहे.

तथापि, मास्लाकबाईंनी सांगितलेल्या त्या तिसऱ्या अंगावरचा, म्हणजे काहीच साधत नसल्याच्या खंतीवरचा, उतारा मला रोह्याच्याच जिल्ह्यात, कर्जतला दिसतो. रस्त्याकडेला बसून करवंटीने गटारातले पाणी पिणारा एक तरुण डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याच्यावर उपचार केले, तेव्हा तो सुशिक्षित, पदवीधर निघाला. त्यातून १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान उभे राहिले, आणि २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रतिष्ठानच्या कर्जतच्या केंद्रात रुग्ण बरा झाला की कार्यकर्ते त्याला त्याच्या गावी, घरच्या उंबऱ्यापर्यंत पोचवितात. काम तेथेही जिवावरचेच आहे. परंतु मुलगा मेला असे समजून बसलेल्या आईने त्याला ओळखल्याचा क्षण ज्याने पाहिला, त्याला आपल्या श्रमाचे काय झाले हे कोणास विचारावे लागत नाही.

सरकारी बाह्यरुग्ण विभागातील कर्मचाऱ्याला कथेचा हा शेवट दिसतच नाही; बरा झालेला रुग्ण यावयाचा थांबतो, आणि बिघडलेला तेवढा परत येतो. म्हणून महिन्यातील एक दिवस त्याला टेबलापासून मोकळे करून गावोगाव पाठवावे, असे मला मनापासून वाटते. पेणजवळच्या हमरापुरात गणपतीच्या कारखान्यात, औषधाने हाताचा कंप थांबलेला एखादा कारागीर पुन्हा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत असेल, तर त्याच्या समुपदेशक ताईंना ती तेथे उभे राहून पाहता यावी, आणि तो दिवस त्यांच्या हजेरीपटावर कामाचा म्हणून मांडला जावा.