‘रॅम्प अप’ म्हणजे काय रे भाऊ?

हिंजवडीतला पहिला सोमवार. टीम लीडनं हात मिळवला आणि म्हणाला, ‘वेलकम! दोन आठवड्यांत रॅम्प अप हो.’ मी झोकात ‘शुअर’ म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. पोटात गोळा! बावड्याच्या मराठी शाळेत आमचे ‘अप’ दोनच, गेट अप आणि स्टँड अप. रॅम्प म्हटलं की डोळ्यांसमोर फॅशन शो. शेजारणीला विचारायची लाज वाटली.

मग अर्थ मीच लावला. रॅम्प अप म्हणजे वाढवा. काय वाढवायचं? अर्थात तास! आठवडाभर रात्री दहापर्यंत बसले. कळत काही नव्हतं, पण खुर्ची सोडली नाही. पाचव्या दिवशी अर्धवट समजुतीवर एक फाइल पुढे पाठवली आणि ती निस्तरायला अख्ख्या टीमचा शनिवार गेला. कुणी ओरडलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रात्री घरी फोन केला. आमच्या अण्णांची नोकरी साखर कारखान्यात, बॉयलरवर. दिवाळी तोंडावर होती, सीझन नुकताच सुरू झालेला. माझं रडगाणं ऐकून ते म्हणाले, ‘आगं, बॉयलर पेटला म्हंजी लगीच फुल्ल गाळप व्हतंय का? आधी दमानं तापवायचा, वाफ धरू द्यायची. एकदम जाळ लावला तर नळ्या जात्यात.’

अण्णांना इंग्रजी येत नाही, पण रॅम्प अप त्यांनी बरोब्बर सांगितलं! अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते, पहिले काही दिवस ऊस बेतानं घेतात. यंत्रं जुळली की गाळप पूर्ण क्षमतेकडे न्यायचं. इंदापूर तालुक्यात दरवर्षी हे चालतं.

शब्दाचं मूळही तेच सांगतं. रॅम्प म्हणजे हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअरसाठी असते ती चढण. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ सरपटणं, चढणं. म्हणजे उडी नाही, चढण. ठरवून, टप्प्याटप्प्यानं वाढवणं.

आता वापराकडे वळू.

वाढवायची गोष्ट पुढे येते, तेव्हा अर्थ ‘क्षमता वाढवणं’. २०२१ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविड लशीच्या बातम्यांत ‘रॅम्प अप प्रॉडक्शन’ सारखं दिसायचं. एका रात्रीत लस दुप्पट होत नाही. कच्चा माल, यंत्रं, माणसं, तपासण्या, सगळंच चढवत न्यावं लागतं.

‘ते’ म्हणायचं असेल, तर ‘रॅम्प इट अप’ म्हणा. ‘रॅम्प अप इट’ चुकीचं.

माणसाबद्दल बोललं, तर अर्थ ‘कामात रुळणं’. माझा घोटाळा इथेच झाला. लीडला जादा तास नको होते. मी प्रोजेक्ट समजून घ्यावा, एवढंच हवं होतं.

नाम म्हणूनही चालतं. ‘रॅम्प-अप पिरियड’ म्हणजे रुळण्याचा काळ.

उलट बाजू ‘रॅम्प डाउन’. सीझन संपताना ऊस कमी होत जातो आणि शेवटी पट्टा पडतो, तसं. ऑफिसात मात्र हा शब्द कानावर आला की सावध व्हा. प्रोजेक्टवरची माणसं कमी करणार असतात!

आणि हो, सगळीकडे चिकटवू नका. पेट्रोलचा भाव ‘गोज अप’. तो आपण चढवत नाही, आपोआप चढतो! एका ठरावीक पायरीनं वाढवलं, तर ‘स्टेप अप’. तोच कारभार मोठ्या पसाऱ्यावर नेला, तर ‘स्केल अप’.

सोमवारी मी लीडसमोर बसले आणि सरळ विचारलं, ‘रॅम्प अप म्हणजे मी नेमकं काय करायचं?’ त्यानं कागद घेतला आणि वीस मिनिटांत सगळा प्रोजेक्ट काढून दाखवला. त्या दिवशी साडेसहाला घरी गेले.

आता नवीन कुणी आलं की मी ‘रॅम्प अप हो’ म्हणत नाही. ‘आधी दमानं तापू दे, अडलं की विचार,’ असं सांगते. अण्णांचा बॉयलर हिंजवडीतही चालतो!